बुटात तोंड दिसतं, पुढे काय?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. पाटीवर ‘मिलिटरी टेलर’, आत तीन मशीन, बेतायचं एक टेबल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले ‘ओजी’, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन कपडे. एरवी काम बेतास बात. पण एखाद्या युनिटचं इन्स्पेक्शन लागलं की आठ-दहा दिवस दुकानात जत्रा. शर्ट कमरेत घ्या, पँटीची मोहरी एक सूत कमी करा, फीत सरळ बसवा, खांद्याची पट्टी बदला. तिकडे कॅम्पात झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा, रस्त्याकडेचे दगड पांढरे व्हायचे. आमच्याकडे रात्री अकरापर्यंत मशीन चालायच्या आणि बाहेर बाकड्यावर बसलेला एखादा रंगरूट थुंकी लावून बुटावर गोल गोल फडकं फिरवत असायचा. त्याच्या उस्तादाचं म्हणणं एकच, बुटात तोंड दिसलं पाहिजे.

मी तेव्हा शाळेत होतो. काजं करायला, बटणं लावायला बसायचो. एकदा वडिलांना विचारलं, एवढं सगळं साहेबाला खरंच दिसतं का? ते म्हणाले, “साहेब शिवण बघतो. कापड कुणी बघत नाही.”

हे वाक्य अलीकडे पुन्हा आठवलं ते एका अमेरिकन भाषणामुळे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जगभर पसरलेले आपले जनरल आणि ॲडमिरल व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावर बोलावून घेतले आणि त्यांना समोर बसवून सुनावलं. पेंटॅगॉनमध्ये सुटलेल्या पोटांचे जनरल दिसणं चालणार नाही, दाढ्या चालणार नाहीत, लांब केस चालणार नाहीत, वर्षातून दोनदा सगळ्यांनी शारीरिक चाचणी द्यायची, तारे लावणाऱ्यांनीसुद्धा. त्या भाषणाचे तुकडे आमच्या नाशिक रोडच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आले तेव्हा खाली टाळ्यांचा आणि तिरंग्यांचा पाऊस पडला. ‘आपल्याकडेही असाच माणूस हवा.’ ‘शिस्त म्हणजे शिस्त.’ टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे जण डॉक्टरने तंबी दिल्यामुळे चालायला येतात, ते असो.

माझी अडचण अशी की त्या भाषणात पोट आणि दाढी एकाच दावणीला बांधली होती. पोटाचा तयारीशी थेट संबंध आहे. पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायचं, मग दोरावर चढायचं, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, ही आपल्या लष्करात वर्षानुवर्षं घेतली गेलेली ‘बीपीईटी’ नावाची चाचणी. तिथे सुटलेलं पोट आडवं येतं आणि ते कुणाच्या हुद्द्याला घाबरत नाही. चाचणी साहेबालाही लागू व्हावी, हे हेगसेथ यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. दाढीचं तसं नाही. दाढी हा दिसण्याचा प्रश्न आहे, आणि दिसण्याच्या नियमाला ‘हा कशासाठी?’ असं विचारायची मुभा असली पाहिजे. ज्या नियमाकडे या प्रश्नाचं उत्तर आहे तो पाळावा, कडक पाळावा. ज्याच्याकडे ‘आमच्या वेळी असंच होतं’ एवढंच आहे, त्याला शिस्त म्हणणं मला जड जातं.

दाढीमिशांचाच इतिहास घ्या. ब्रिटिश सैन्यात पहिल्या महायुद्धापर्यंत नियम होता की हनुवटी भादरायची, पण वरच्या ओठाला वस्तरा लावायचा नाही. मिशी सक्तीची. बिचारी कोवळी पोरं मिसरूड फुटण्याची वाट बघत. ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल नेव्हिल मॅक्रेडी यांनी हुकूम काढून ती सक्ती उठवली; त्यांना स्वतःलाच आपली मिशी आवडत नव्हती. मिशीवाचून शिस्त ढासळेल असं तोवर मानणारं सैन्य मिशीवाचून लढलं आणि जिंकलंही. दाढीच्या बाबतीत कारण मात्र खरं होतं. विषारी वायूचा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, फटीतून वायू आत जातो. म्हणजे एकाच चेहऱ्यावरच्या दोन नियमांपैकी एकामागे रसायनशास्त्र होतं आणि दुसऱ्यामागे नुसती सवय.

त्याच ब्रिटिश सैन्यानं मार्च २०२४ मध्ये दाढीला परवानगी दिली. लांबी २.५ ते २५.५ मिलिमीटर, नीट कातरलेली, मध्ये टक्कल पडल्यासारखी विरळ नको, आणि मुखवटा लागेल अशी कामगिरी असेल तर काढायची. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. त्यात कारण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते लिहिलेलं आहे. अमेरिकेत दाढीची सूट घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येनं आहेत, कारण कुरळे केस भादरल्यावर पुन्हा कातडीत वळतात, फोड येतात, रोज वस्तरा फिरवला तर जखमा होतात. एखाद्याच्या कातडीचा धर्म हा त्याचा बेशिस्तपणा कसा ठरेल?

आपल्याकडचं चित्र तर आणखी मजेदार. शीख जवान पगडी-दाढीसह दोन्ही महायुद्धांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत लढले आहेत. नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते. काश्मिरात काम करणारे पॅरा कमांडो दाढीतच वावरतात. सियाचीनच्या चौकीवर प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करावं लागतं, तिथे दाढीचा हट्ट कोण धरणार? आणि हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याला दाढीवरून काढून टाकलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं हवाई दलाची बाजू उचलून धरली. एकसारखेपणा आणि शिस्त राखणं हा सैन्याचा अधिकार आहे, आणि केस कापायला ज्याच्या धर्मात मनाईच आहे त्यालाच अपवाद, असा तो निकाल. कायदा म्हणून तो मला कळतो. सैन्यानं कुठेतरी रेघ ओढायला हवी, आणि ती ओढण्याचा अधिकार न्यायाधीशांपेक्षा सैन्याकडे असणं बरं. पण याच देशाच्या नौदलात जी दाढी चालते ती विमानाच्या वर्कशॉपमध्ये का चालत नाही, याचं उत्तर तयारीच्या भाषेत कुणी दिलेलं मी ऐकलं नाही.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही, आणि मी ती दुकानाच्या काउंटरवरूनच शिकलो.

आमच्याकडे एक हवालदार मेजर यायचे, साताऱ्याकडचे. पोरांची बटणं तपासायला म्हणून यायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे. ते सांगत, “मास्टर, जो गडी दोन दिवस दाढी करत नाही, बूट पुसत नाही, त्याला मी आधी ओरडत नाही. आधी विचारतो, घरी काय झालं?” कुणाच्या बापानं कर्ज काढलेलं असतं, कुणाची जमीन भावानं दाबलेली असते, कुणाच्या बायकोचा फोन बंद असतो. माणूस आतून ढासळायला लागला की आधी त्याची पट्टीची घडी बिघडते. रोज सकाळी फॉलिनला शंभर माणसं एका रांगेत, एका वेशात उभी केली की त्यातला एक बिघडलेला लगेच नजरेत भरतो. सगळेच अघळपघळ असते तर तो दिसलाच नसता. टर्नआउटच्या, म्हणजे टापटीप दिसण्याच्या, बाजूनं मी ऐकलेला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद, आणि तो कुठल्या मंत्र्यानं केला नाही.

आणखी एक गोष्ट. गणवेश चढला की कोण पाच एकरवाला, कोण ऊसतोड करणाऱ्याचा, कोण कुठल्या जातीचा, हे कापडावरून तरी पुसलं जातं. आमच्या टेबलावर सगळ्यांचं माप एकाच वहीत, एकाच भावात लिहिलं जायचं. गावाकडे ज्यांना एका पंगतीला बसवत नसत ती पोरं इथे एका बाकड्यावर एका डबीतलं पॉलिश वापरत. हे मी कमी लेखणार नाही.

तेव्हा ‘बूट कशाला पुसायचे’ असा माझा मुद्दा नाहीच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला बारीक गोष्टीकडे लक्ष द्यायची सवय लावायला बूट हे उत्तम साधन आहे. जो बुटाची टाच विसरत नाही तो पुढे तोफेचा ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, साफ करायला विसरणार नाही, एवढीच त्यामागची आशा. घोळ होतो तो साधन हेच मोजमाप झालं की. तयारी मोजायला अवघड असते. गोदामात काय आहे, गोळ्याला फ्यूज, म्हणजे तो फोडणारी कळ, आहे का, वायरलेसची बॅटरी किती तास चालते, जवानाला रात्री नकाशा वाचता येतो का, हे बघायला वेळ लागतो, ज्ञान लागतं, आणि बघणाऱ्याला नको ती उत्तरं मिळू शकतात. बूट एका नजरेत मोजता येतो. म्हणून तपासणारा बूट बघतो. म्हणून तपासून घेणारा बूट चमकवतो. वडिलांच्या भाषेत, शिवण.

कापडाकडे बघणाऱ्यांनी काय पाहिलं ते सरकारी कागदांवर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’नं २०१७ च्या अहवालात नोंदवलं की सप्टेंबर २०१६ अखेर लष्कराच्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा तुंबळ युद्धात दहा दिवसही पुरला नसता. ठरलेलं प्रमाण चाळीस दिवसांचं. तोफांच्या गोळ्यांची तर वेगळीच गंमत; गोळे पडून, पण त्यांना लागणारे फ्यूज नाहीत. फ्यूज नसलेला गोळा म्हणजे लोखंडाचा रांजण. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार लष्कराला दिले गेले, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवलेल्या दुसऱ्या अहवालात सियाचीनसारख्या उंचीवरच्या जवानांच्या कपड्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात नवे बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत, जुने दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फाच्या गॉगल्सचीही टंचाई. मैदानातल्या बुटात तोंड दिसावं म्हणून आपण जेवढा घाम गाळतो, तेवढा हिमनदीवरच्या बुटासाठी गाळला असता तर?

१९६२ चं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते एका वाक्यात संपवतो. नामका चू नदीकाठी आपली ब्रिगेड सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभी होती, आणि तिच्या शिस्तीत काहीही कमी नव्हतं.

नाशिककरांना तोफखाना नवा नाही. देवळालीच्या रेंजवर, म्हणजे तोफांच्या सरावाच्या मैदानावर, फायरिंग असलं की पांढुर्लीकडच्या घरांची तावदानं हलतात, आणि नवा भाडेकरू दचकला तर जुना म्हणतो, ‘काही नाही, रेंज चालू आहे.’ या तोफखान्याकडे १९८६ च्या करारानं ४१० बोफोर्स आल्या आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं एकही नवी मोठी तोफ आली नाही. दलालीच्या घोटाळ्याची धास्ती एवढी की फायलीवर सही करायला कुणी धजेना. तरीही १९९९ मध्ये कारगिलला याच तोफखान्यानं अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, आणि ज्या शिखरावरची कुमक तोफांनी मोडून काढली त्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव मिळालं. शेवटी ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा समारंभानं दाखल झाल्या. त्या दिवशी नक्कीच प्रत्येक बुटात तोंड दिसलं असेल. पण मधल्या तीस वर्षांतही दिसतच होतं. दरवर्षी इन्स्पेक्शन होत होतं, झाडांना गेरू लागत होता, शेरे ‘उत्कृष्ट’ येत होते.

तोफेवरची शिस्त कशी असते हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याला दोन्हीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तिथे प्रत्येकाला नाव नसतं, नंबर असतो. गोळा कुणी उचलायचा, चार्ज, म्हणजे गोळा फेकणारी दारू, कुणी द्यायचा, फ्यूज कुणी लावायचा, कुणी कुठे उभं राहायचं आणि तोफ मागे सरकते तेव्हा कुणी कुठे उभं राहायचं नाही, हे हजार वेळा घोटलेलं असतं. बार उडाला नाही तर किती थांबायचं याचीही कवायत असते. यातलं एक पाऊल चुकलं तर साहेबाचा शेरा येत नाही, शवपेटी येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच रेंजवर सरावाच्या वेळी गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर गेले. विशीतली पोरं. अशा ठिकाणी शिस्तीचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे, सगळ्यात ज्युनिअर पोरानं ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ असं ओरडण्याची हिंमत करणं, आणि नंबर एकनं, म्हणजे तोफेवरच्या प्रमुखानं, ते ऐकून थांबणं.

इथेच माझी खरी तक्रार आहे. दिखाऊ शिस्त ही हिंमत मारते. ज्या पोराला सहा महिने फक्त ‘जी साब’ शिकवलं, त्यानं त्या एका क्षणी ‘नो साब’ म्हणावं अशी अपेक्षा कशी करायची?

आणि बूट कोण पुसतं, हाही प्रश्न आहेच. लष्करात ‘सहायक’ पद्धत आहे, अधिकाऱ्याच्या मदतीला एक जवान. युद्धात त्याचं कारण खरं आहे. अधिकारी नकाशात डोकं घालून असताना त्याची पाठ राखणारा, वायरलेस उचलणारा कुणी हवा. शांततेच्या छावणीत तोच जवान कुत्रं फिरवतो, मुलांना शाळेत सोडतो, साहेबाचे बूट चमकवतो, अशा तक्रारी जुन्या आहेत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं २००८ मध्येच ही प्रथा लाजिरवाणी ठरवून बंद करायला सांगितलं होतं. नौदल आणि हवाई दल सहायकांवाचून चालतात, त्यांची विमानं आणि जहाजं काही थांबलेली नाहीत. २०१७ साली देवळालीत चोरून केलेल्या एका चित्रीकरणात काही जवान याच कामांबद्दल बोलले. त्यातला एक पुढच्या काही दिवसांत छावणीतल्या वापरात नसलेल्या बराकीत मृतावस्थेत सापडला. गुन्हा दाखल झाला तो चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारावर, शासकीय गुपितांच्या कायद्याखाली. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो रद्द केला. त्या आठवड्यात कॅम्पातल्या दुकानदारांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वडिलांनी एवढंच विचारलं होतं, “पोरगं कुठलं होतं?” दुसऱ्याच्या हातून चमकवलेल्या बुटात आपलं तोंड बघणाऱ्यानं कुठल्या शिस्तीबद्दल बोलावं?

शिस्तीचं नाव निघालं की आपल्याकडे शिवाजी महाराजांचं नाव निघतंच, आणि ते बहुधा फेट्याच्या, ताठ मानेच्या चित्रासह निघतं. म्हणून चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी तळ दिलेल्या फौजेच्या जुमलेदारांना, हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र जरूर वाचावं. राज्याभिषेकाच्या आसपासचं आहे. दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजी पेटतील, घोडी जळतील. राजा उंदरापर्यंत विचार करतो. आणि त्या पत्रात पागोटं कसं बांधावं याबद्दल अवाक्षर नाही.

इंग्रजांच्या देवळालीची गोष्ट याच्या उलट. सेवा संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायला देवळालीच्या कॅम्पात जहाजाची वाट बघत पडून राहत. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटत, त्यामुळे कधी कधी महिनोन् महिने. परेड होती, गणवेश होता, काम नव्हतं. उष्मा, दारू, मलेरिया आणि रिकामपण. माणसं चक्रम होऊ लागली आणि इंग्रजीत वेड लागण्याला आमच्या गावाचं नाव पडलं, ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप. हेतू काढून घेतला की नुसत्या टापटिपीनं सैनिक तयार राहत नाही, याचा एवढा जुना दाखला आमच्या लॅम रोडवर असताना मला क्वांटिकोला कशाला जायला हवं?

सुदैवानं आपलं लष्कर काही बाबतींत आमच्या ग्रुपवरच्या काकांपेक्षा पुढे गेलेलं आहे. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला नवा लढाऊ गणवेश आला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, निफ्टनं, बेतलेला. ठिपक्यांची डिजिटल नक्षी, हलकं आणि लवकर वाळणारं कापड, आणि शर्ट पँटीत खोचायचाच नाही. माझ्या वडिलांना हे ऐकून धक्काच बसला होता. आयुष्यभर त्यांनी खोचलेला शर्ट कमरेत चोपून बसवला. पण कारण साधं आहे. ज्या कापडाचं काम लपणं आहे त्याला कांजी आणि कडक इस्त्री घालून चकाकी आणली तर ते लपत नाही. अमेरिकनांनी तर वीस वर्षांपूर्वीच काळे चमकणारे बूट टाकून पॉलिश लागतच नाही असे मऊ चामड्याचे बूट घेतले आणि त्या गणवेशाला कांजी घालायला बंदी केली. म्हणजे ज्या देशाचा मंत्री आता दाढीवरून तावातावानं बोलतो, त्याच देशाच्या सैन्यानं चमक हीच शत्रूला खूण ठरते हे कधीच मान्य केलं होतं. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सगळ्यांची टोपी, बिल्ले, पट्ट्याचं बक्कल आणि बूट एकसारखे झाले. आपापल्या रेजिमेंटची खांद्यावरची डोरी गेली. हा दिसण्याचाच नियम, पण त्यामागे हेतू आहे. वर गेल्यावर तू कुठल्या रेजिमेंटचा हे विसर.

त्या नव्या गणवेशाच्या नक्षीचे हक्क लष्करानं नोंदवले, उघड्या बाजारात तो शिवायला-विकायला मनाई झाली. बनावट गणवेश घालून कुणी छावणीत शिरू नये म्हणून. वडिलांच्या धंद्याला त्यानं शेवटचा टाका घातला. तरी ते म्हणाले, बरोबर केलं.

सकाळी गोल्फ क्लब मैदानावर गेलात तर भरतीची पोरं पळताना दिसतील. सुरगाणा, पेठ, सिन्नर, निफाडची. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर पूर्ण साठ गुण. ही झाली तयारी, घड्याळ खोटं बोलत नाही. पण त्यातल्या एकाच्या दंडावर राजमुद्रा गोंदलेली होती. नियम सांगतो की गोंदण कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि हाताच्या पालथ्या बाजूला चालेल, इतरत्र नाही. आदिवासी उमेदवारांच्या रूढीच्या गोंदणाला सूट. याची राजमुद्रा तीन इंच वर गेली. आता तो लेझरनं महाराजांचं नाव पुसून घ्यायला पैसे जमवतोय. साडेपाच मिनिटांत पळणारा हा मुलगा तीन इंचांसाठी नालायक कसा, हे मला त्याला सांगता आलं नाही. अग्निवीर झाला तरी त्याच्या हातात चारच वर्षं असणार, प्रशिक्षण धरून, आणि पुढे कायम होणार चारांतला एक. एवढ्या थोड्या वेळात त्याला काय शिकवायचं हे लष्करानं फार काळजीनं निवडायला हवं. एकेक तास बुटाला द्यायचा की ड्रोन ओळखायला, याचा हिशेब आता परवडेनासा झालाय.

१९९९ च्या मे महिन्यात आमच्याकडे एका युनिटच्या इन्स्पेक्शनचं काम चालू होतं. चौदा जोड्या शिवून, इस्त्री करून तयार होत्या. त्या न्यायला कुणी आलंच नाही. युनिट रातोरात निघालं. पाकिटं तशीच फळीवर राहिली. दिवाळीनंतर एकेक जण यायला लागले. दहा नेली गेली. उरलेल्या चारांबद्दल, बदली झाली असेल, असं वडील म्हणायचे.

आलेल्यांतल्या एकाला शर्ट खांद्यात आणि कमरेत फारच ढगळ झाला होता. वडिलांनी माप घेतलं, कंबर तीन इंचांनी उतरलेली. त्यांनी टाचण्या लावायला घेतल्या, नेहमीसारख्या चोपून. त्यानं हात धरला. “रहने दो मास्टरजी, ढीला ही ठीक है. अंदर स्वेटर आता है.” वडिलांनी टाचण्या काढल्या आणि वहीत त्याच्या नंबरापुढे लिहिलं: ढगळ.